रायफलीवरचे लाकूड

हँडगार्ड. रायफलीच्या नळीवर वरून बसणारी लाकडाची पन्हळ. आतून नळीची गोलाई, बाहेरून तळहाताची, आणि मध्ये जेमतेम पाव इंच लाकूड, काही ठिकाणी त्याहूनही कमी. गोळ्या सुटू लागल्या की नळी तापते. ती धरणाऱ्या हाताला भाजू नये, एवढेच त्याचे काम. थ्री-नॉट-थ्री रायफलीला असे दोन तुकडे असत, एक मागे आणि एक पुढे. पोलीस, होमगार्ड, एनसीसी यांच्या हातात ज्यांनी ही रायफल पाहिली आहे, त्यांनी हे लाकूडही पाहिले आहे. लक्ष फारसे कोणाचे गेले नसेल. आता ते दिसेनासे होत चालले आहे, आणि त्याच्यासोबत बरेच काही. जे आठवले, वाचले, हाताळले, ते इथे टिपून ठेवतो.

ओले कातडे. हे लाकडाच्या आधीचे. मार्टिनी-हेन्री रायफल ब्रिटिश फौजेत १८७१ साली आली. काळी दारू, एका वेळी एकच काडतूस. भराभर बार काढले की नळी हात लावू देत नसे. १८७९ साली झुलू युद्धात रोर्क्स ड्रिफ्टचे ठाणे रात्रभर लढले, तेव्हा शिपायांची बोटे तापलेल्या नळीने पोळली. त्या काळातले शिपाई नळीभोवती ओले कातडे शिवून घेत. वाळले की ते आवळून घट्ट बसे. सरकारी यादीत ही वस्तू नव्हती. ज्यांचे हात भाजत होते त्यांनीच काढलेली ती तोड होती.

पूर्ण लाकडातली नळी. कातड्याच्या जागी लाकूड यायला आणखी काही वर्षे गेली. .३०३ इंची नळीची पहिली रायफल, ली-मेटफर्ड, १८८८ ची. तिची पुढची पिढी म्हणजे आखूड ली-एनफील्ड. तिचा तिसरा नमुना १९०७ साली मंजूर झाला, आणि आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणून ओळखतो ती मुख्यतः हीच. तिची नळी मुळापासून तोंडापर्यंत, खालून-वरून, लाकडात झाकलेली. कारण सरळ होते. त्या वेळचा कसलेला ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या टाकू शके. एवढ्या वेगाने गोळ्या टाकायच्या तर डाव्या हाताला सावली हवीच. १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. शेतात नांगराची मूठ धरलेले कितीतरी हात पहिल्यांदा या लाकडावर पडले ते परक्या मुलखात, थंडीच्या तोंडावर.

अक्रोड. हे काम करायचे तर पहिले नाव त्याचेच. वजनाला बेताचा, धक्का सोसणारा, पटाशीखाली चिरफळ्या न उडणारा, आणि एकदा नीट वाळला की वाकडा न होणारा. हिंदुस्थानात तो काश्मीरमधून येई. लाकूड सावलीत, हवेवर वाळवायचे, फळीच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना हिशेब. घाई केली तर लाकूड पुढे घाई करणाऱ्याला दाखवून देते. जम्मू-काश्मीरमध्ये १९६९ च्या कायद्याने अक्रोडाच्या तोडीवर बंधन आले आहे, आणि ते योग्यच आहे. झाड उभे राहिले तर पिढ्यानपिढ्या फळ देते.

अक्रोड सगळीकडे पुरला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बीच आणि बर्च ही लाकडे चालवली. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड ही तिथली झाडे वापरली. लाकूड हातात घेतले की रायफल कोणत्या मुलखातली आणि कोणत्या अडचणीच्या वर्षातली, याचा अंदाज जाणकाराला येतो. रंग, वजन, रेषांची दाटी एवढ्यावरून. प्लास्टिकवरून असे काही सांगता येत नाही.

बँटम दस्ता. खांद्याला लागणारा दस्ता चार लांब्यांत मिळे: लांब, मध्यम, आखूड आणि बँटम. बँटम हा सर्वांत छोटा, पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांच्या आतल्या उंचीच्या शिपायांच्या ज्या खास पलटणी उभ्या राहिल्या त्यांच्या नावाचा. दस्त्यावर इंग्रजी अक्षराचा ठसा असे. माणसाच्या मापाने लाकूड बदलायचे, एवढी साधी सोय.

पितळी बिल्ला. दस्त्याच्या उजव्या अंगाला बसवलेली पितळेची चकती. तिच्यावर पलटणीची खूण आणि रायफलीचा क्रमांक ठोकत. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत रायफलीचे काम सोपे केले तेव्हा ही चकती गेली. जुन्या दस्त्यावर ती अजून दिसली की थांबून वाचावी.

पितळी तेलाची बाटली, फुलथ्रू, चिंदी. दस्त्याच्या तळाला पितळी पत्रा, त्यात छोटे झाकण, झाकणाआड लाकडात कोरलेली पोकळी. तिच्यात तेलाची बाटली आणि टोकाला पितळी वजन असलेली दोरी, म्हणजे फुलथ्रू. दोरीच्या फासात फ्लॅनेलची चिंदी अडकवायची आणि नळीतून एका दमात ओढायची. कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल घेतलेल्या प्रत्येक कॅडेटने हे केले आहे. रायफलीची सगळी देखभाल तिच्याच लाकडाच्या पोटात सामावलेली होती.

पुंगळी. काडतुसाची, बुडावर ‘केएफ’ हा ठसा असलेली. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ही खूण. कारखाना १८६९ चा. लाकूड ज्या आगीपासून तळहात वाचवी, ती आग आपल्याकडे अशी खडकीहून यायची.

इशापूरचा स्क्रू. पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरची रायफल फॅक्टरी. आपल्या हवेत लाकूड उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते, आणि झटका बसतो त्या जागी, चापाच्या पुढे, चिरते. इशापूरच्या कारागिरांनी तिथे लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू घातला. दोन्ही बाजूंनी लाकूड आवळलेले राहिले, चीर थांबली. जगभरातले संग्राहक आज या स्क्रूवरून रायफल हिंदुस्थानातली असल्याचे ओळखतात. एवढ्याशा स्क्रूमागची बुद्धी मला फार मोलाची वाटते. कारण ती कागदावर सुचलेली नाही, चिरलेली लाकडे हातात घेऊन घेऊन सुचलेली आहे.

तारेचा वेढा. ज्या रायफलींवरून ग्रेनेड फेकायचे, त्यांच्या पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळून डाग देत. लाकूड फुटलेच तर धरणाऱ्याच्या हातात शिरू नये म्हणून.

ठिगळ. मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट ही. लाकूड चिरले, कोपरा उडाला, तर आर्मरर, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती करणारा कारागीर, सगळा भाग फेकून देत नसे. खराब झालेला तेवढाच भाग चौकोनी किंवा पारव्याच्या शेपटीच्या आकारात कोरून काढायचा, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषेला रेषा जुळवून बसवायचा, सरस लावायचा, वरून लाकडाची खुंटी मारायची. नीट केलेले ठिगळ नखाला लागत नाही, डोळ्यांनाच तेवढे दिसते. मागच्या हँडगार्डला बॅकसाइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या मागच्या खुणेच्या, दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे दोन बारीक कान असतात. रायफल पडली, आपटली, की पहिल्यांदा तेच मोडतात. अशी मोडलेल्या कानांची हँडगार्डे जुन्या रायफलींवर सर्रास दिसतात, आणि कधी तरी एखाद्या कानाला बसवलेले जुने ठिगळही. ज्याने ते बसवले त्याचे नाव कुठेही नाही.

कापून टाकलेले लाकूड. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजांच्या हजारो रायफली अमेरिकेत आणि कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. टपालानेही मिळत. घेणारे बहुतेक हरणाची शिकार करणारे. त्यांना वजन कमी हवे होते. त्यांनी पुढचे लाकूड अर्ध्यावर कापले, वरचे हँडगार्ड काढून टाकले, आणि चुलीत किंवा कचऱ्यात घातले. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत ही टपालविक्री आणि फौजी रायफलींची आयात थांबली. पुढे नातवंडांना वाटू लागले की आजोबांची रायफल मूळ रूपात हवी. पोलाद शाबूत होते. लाकूड नव्हते. जुने हँडगार्ड मिळेनासे झाले, मिळाले तर दुसऱ्या रायफलीचे, न बसणारे. तेव्हा काही माणसे घरच्या गॅरेजात ते स्वतः करू लागली.

हे काम तिकडच्या घरी होऊ शकते, कारण तिथे या लाकडाला शस्त्र मानत नाहीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे भागही येतात, म्हणून आपल्याकडे ते परवानाधारक बंदूक कारागिराचेच काम. पण ते कसे होते, हे जाणून घ्यायला कोणाची हरकत नसावी. सुताराच्या हाताला ते लगेच कळेल.

आधी ठोकळा. त्याच्या टोकाकडून पाहायचे, मग बाजूने. रेषा लांबीला समांतर हव्यात. रेषा मधेच बाहेर पडत असेल तर एवढे पातळ लाकूड तिथेच तुटणार. गाठ असेल तर ठोकळा बाजूला. मग पेन्सिलीने चारी अंगांवर मध्यरेषा. ती शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही.

आत आधी कोरायचे, बाहेरचा आकार नंतर. उलटे केले तर शिकंज्यात धरायला सपाट बाजू उरत नाही. गोल पटाशीने खोबण पाडायची. नळी मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक, म्हणून खोबणही तशीच निमुळती. शेवटचा हात गोल दांडीला काचपेपर गुंडाळून फिरवायचा.

मग काजळी. या कामाचा जीव इथे आहे. दिव्याची काजळी तेलात कालवून नळीवर अगदी पातळ फासायची. लाकूड वर ठेवायचे, किंचित दाबायचे, सरळ उचलायचे. उलटे करून उजेडात पाहायचे. खोबणीत जिथे काळा ठिपका उमटला, तिथे लाकूड नळीला लागते आहे. तेवढाच ठिपका खरवडायचा, जास्त नाही. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे, पुन्हा पाहणे. हँडगार्ड नळीला टेकता कामा नये. ते खालच्या लाकडाच्या कडांवर बसते आणि नळीभोवती थोडी हवा राहते. लाकूड नळीला लागले तर पावसाळ्यात फुगून नळीला ढकलते, आणि कालपर्यंत नेमावर लागणारी गोळी सरकते. म्हणून कडांनाही काजळी लावून पाहतात. तिथे मात्र काळी रेघ अखंड उमटली पाहिजे. आत एकही ठिपका नको, कडेला एकही खंड नको. या दोन गोष्टी एकाच वेळी साधेपर्यंत तुकडा हातातून खाली ठेवत नाहीत. घाई करणाऱ्याची खोबण मोठी होते, आणि खरवडलेले लाकूड परत येत नाही.

त्यानंतर बाहेरचे अंग. रंध्याने आधी चौकोनाचा अष्टकोन, मग कडा मोडत गोल. दोन्ही हातांनी ओढायचा लहान रंधा इथे फार कामाचा. शेवटी कानस आणि काचपेपर. पोलादी स्प्रिंगची क्लिप रिव्हेटने आतून बसवायची. तीच मागच्या हँडगार्डला नळीवर धरून ठेवते. रिव्हेट मारताना लाकूड फुटण्याची भीती असते, म्हणून भोक आधी पाडून, हलक्या हाताने ठोकायचे. मग ओल्या फडक्याने लाकूड पुसायचे. बारीक तंतू उभे राहतात. वाळले की ते काचपेपरने काढायचे, पुन्हा पुसायचे. तंतू उठेनासे झाले की लाकूड तेलाला तयार.

जवसाचे तेल. कच्चे. फौजेतली रायफल वर्षानुवर्षे याच तेलावर जगली. शिपायाने ते तळहाताने लाकडात चोळायचे. हाताच्या उबेने ते आत जाते. थर पातळ हवा. जाड लावले तर चिकट राहते आणि धूळ धरते. पहिला थर वाळायला दिवस लागतात, त्याआधी दुसरा लावायचा नाही. असे थर देत गेले की लाकूड आतून गडद होते, वर तकाकी येत नाही, आणि पकड सुटत नाही. जुन्या हँडगार्डचा तो काळपट तांबूस रंग तेलाचा, घामाचा, धुळीचा आणि वर्षांचा मिळून झालेला असतो. डब्यातल्या कोणत्याही रंगाने तो येत नाही.

हे तेल आपल्याला परके नाही. विदर्भात जवस पिढ्यानपिढ्या पेरला जात होता. जवसाची चटणी घरोघरी, तेल घाण्यावर. रंगाऱ्याच्या दुकानात बेलतेल मिळते ते याच तेलावर प्रक्रिया करून केलेले. ते लवकर वाळते, पण जुन्या आर्मररचा भरवसा कच्च्यावर. जवसाचा पेरा आता पुष्कळ घटला आहे. घाणेही कमी झाले.

तेलाचे फडके. एक सावधगिरी, जी सुतारांना माहीत असे आणि आता सांगावी लागते. जवसाच्या तेलात भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेट घेते. फडके उघडून दोरीवर पसरावे, किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

टाळीचा आवाज. कवायतीत ‘सलामी शस्त्र’ म्हटले की शंभर तळहात एकदम लाकडावर बसत. तो आवाज भरीव असे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसालाही तो स्पष्ट ऐकू येई. उस्ताद आवाजावरून सांगत की कोणाचा हात मागे पडला. प्लास्टिकवर हात आपटला तर आवाज येतो, पण पोकळ.

प्लास्टिक. ते का आले, हे खरेपणाने सांगितले पाहिजे. ते फुगत नाही, कुजत नाही, हलके आहे, साच्यातून एकसारखे निघते. अमेरिकेची एम-१६ रायफल साठच्या दशकात कृत्रिम हँडगार्ड घेऊनच आली. रशियन कलाश्निकोव्हच्या हँडगार्डला पापुद्रे चिकटवलेले बर्चचे लाकूड होते. १९९१ च्या एके-७४एमपर्यंत तेही गेले. इशापूरच्या एसएलआर रायफलीवर लाकूड होते. तिच्यानंतरची इन्सास, जिला कारगिलच्या लढाईत १९९९ साली सगळ्यांनी पाहिले, तिचे हँडगार्ड प्लास्टिकचे. डोंगरावर, बर्फात, पावसात लढणाऱ्या जवानासाठी हेच बरोबर आहे. त्याच्या हातात जुने लाकूड परत द्या, असे मी कधीही म्हणणार नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात जुन्या रायफली घेऊन उभे राहिलेले पोलीस आपण पाहिले आहेत. त्यांना नवे शस्त्र मिळायलाच हवे होते.

निरोप. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. इतर राज्यांतही ती कोतात गेली किंवा जात आहे. शस्त्र निघाले की त्याला तेल लावणारा हातही निघतो. ज्या आर्मररना ठिगळ बसवता येते, काजळी वाचता येते, त्यातले बहुतेक निवृत्त झाले आहेत. त्यांची विद्या पुस्तकात फार थोडी आहे.

म्हणून सांगायचे ते एवढेच. पोलीस मुख्यालयाच्या संग्रहात, शाळेच्या दर्शनी भिंतीवर, एखाद्या सैनिकी स्मारकात अशी रायफल ठेवलेली असेल आणि तिची देखभाल तुमच्याकडे असेल, तर लाकडाला व्हार्निश लावू नका, काचपेपरने घासून नवे करू नका, ठसे आणि क्रमांक पुसू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा आणि वर्षातून एकदा कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. घरात परवान्याची जुनी बंदूक असेल तर तिच्या दस्त्यालाही हेच लागू. आणि तुमच्या गावात, नात्यात निवृत्त आर्मरर असेल, तर त्याच्याकडे जा, तो काय सांगतो ते लिहून घ्या, त्याच्या अवजारांचे फोटो काढा. हे काम या दहा वर्षांत झाले तरच होईल.